फटफटीचें गळकें तेल

गेल्या महिन्यांत या सदरांत ग्रंथांना लागणाऱ्या कसरीविषयीं लिहिलें होतें. या महिन्याचा विषय तितका सोज्वळ नाहीं. तो तेलकट आहे, आणि त्याचे डाग हें लिहितांना माझ्या नखांत आहेत. आमच्या घरच्या जुन्या फटफटीचें तेल सुमारें दहा वर्षें गळत होतें. तें गळणें या श्रावणांत थांबलें. तें कसें थांबलें आणि इतकीं वर्षें कां थांबलें नाहीं, या दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. त्यांतील दुसरी सांगतांना मला संकोच वाटतो. परंतु ती सांगितल्याखेरीज पहिली नीट कळणार नाहीं.

ही फटफटी माझ्या वडील बंधूंची. १९८१ सालीं त्यांनीं ती नवी घेतली, तेव्हां आमच्या आळींतील मुलें ती पाहावयास जमत. ‘बुलेट’ हें तिचें नांव सर्वांस ठाऊक आहे. तिचें कुळ मात्र थोड्यांस ठाऊक असतें. रॉयल एन्फील्ड या इंग्रजी कंपनीनें रेडिच येथें १९३२ सालीं हें नांव प्रथम योजिलें. १९५५ सालीं मद्रासच्या एका व्यापारी मंडळीशीं भागीदारी होऊन इकडे एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथें त्या गाड्या होऊं लागल्या. पुढें १९७० च्या सुमारास इंग्लंडांतील मूळ कारखाना बंद पडला. तरी तें ओतीव लोखंडी सिलिंडराचें एंजिन मद्रासेकडे २०१० च्या सुमारापर्यंत होत राहिलें. एखादी वेदशाखा मूळ प्रांतांत लुप्त व्हावी आणि दूर दक्षिणेंत चार घरांत टिकून राहावी, त्यांतलाच हा प्रकार. बंधूंना या गोष्टीचा मोठा अभिमान असे, आणि कोणी नुसतें किंमत विचारण्यास आला तरी त्यास रेडिचपासून सर्व ऐकावें लागे.

२०१४ सालीं बंधु निवर्तले. गाडी दीड वर्ष आमच्या पडवींत उभी होती. आठवड्यांतून एकदां ती पुसावी व पांच मिनिटें चालू करून ठेवावी, एवढें काम मीं आपणहून अंगावर घेतलें होतें. नंतर पुतण्यास पांचगणीस एका शाळेंत हिशेबनिसाची नोकरी लागली आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आली. वाईहून पांचगणी बारा-तेरा किलोमीटर. परंतु मध्यें पसरणीचा घाट आहे, आणि पावसाळ्यांत त्या घाटांत दहा हातांपलीकडचें दिसत नाहीं. तो रोज जाई व येई, आणि गाडी रोज संध्याकाळीं अंगणांतील फरशीवर रुपयाएवढे दोन-चार काळे ठिपके काढून ठेवी. जुनी गाडी म्हटली म्हणजे थोडें तेल टाकावयाचीच, असें जो तो म्हणे. पुतण्या खालीं पत्र्याचें एक ताट सरकवून ठेवी. आम्हांस त्याची संवय झाली होती.

गेल्या आषाढांत ती संवय मोडली. घाट उतरतांना एका वळणावर मागचें चाक एकाएकीं बाजूस सरलें आणि पुतण्या गाडीसकट आडवा झाला. समोरून कोणी येत नव्हतें आणि दरीच्या बाजूचा कठडा शाबूत होता, म्हणून गुडघा व कोंपर फुटण्यावर निभावलें. गाडी घरीं आणली तेव्हां मीं मागच्या चाकावर हात फिरविला. टायरची डावी कड तेलानें चकचकीत झालेली होती. ओल्या रस्त्यावर अशा टायरला धरावयास कांहीं उरतच नाहीं.

त्या रात्रीं वहिनींनीं मला बोलावून घेतलें. त्या मोठ्यानें बोलत नाहींत. म्हणाल्या, “भाऊजी, त्यांची आठवण म्हणून मी ही गाडी ठेवली. आठवणीपायीं मुलगा घालवायचा नाहीं मला. भंगारवाल्याला सांगून ठेवलें आहे. श्रावण संपेपर्यंत तुम्हांला काय करायचें तें करून पाहा.”

पुतण्या शेजारींच पाय लांब करून बसला होता. तो कांहीं बोलला नाहीं. पण त्यानें माझ्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें, ती दृष्टि मीं शाळेंत पुष्कळ वेळां पाहिलेली आहे. उत्तर येत नसलेला मुलगा शेजाऱ्याकडे असाच पाहतो. मलाही उत्तर येत नव्हतें.

आतांपर्यंत उपाय थोडे झाले नव्हते. सिलिंडराच्या पायथ्याशीं उजव्या अंगास टॅपेटचें एक लहानसें झांकण असतें; तें एकाच नटानें आवळलेलें असतें. पहिल्या मेकॅनिकानें त्याचें पॅकिंग बदललें व नट खूप आवळला. दोन महिन्यांनीं पुन्हा तेल. दुसऱ्यानें तें झांकण व वरचीं रॉकरचीं झांकणें काढून सगळीकडे चिकट लेप फासला. तो लेप बाहेर जितका दिसतो तितकाच आंतही दाबला जातो, आणि त्याचे तुकडे सुटून तेलाच्या बारीक वाटेंत बसले तर एंजिन कोरडें फिरूं लागतें. हें मला मागाहून समजलें. तिसऱ्यानें ऑइल सील बदलले व एकंदर बिलाचा आंकडा पाहून पुतण्यानें महिनाभर चहा सोडला. प्रत्येक वेळीं गाडी आठ-पंधरा दिवस कोरडी राही, आणि मग जेथें डागडुजी झाली तेथून नाहीं तर तिच्या शेजारून तेल येई. या तिघांनाही मीं मनांतल्या मनांत पुष्कळ दोष दिला आहे. तो सर्व आतां परत घ्यावा लागत आहे.

वाचक विचारतील कीं, संस्कृत शिकविणाऱ्या मास्तराला यांत काय कळतें? यंत्रांतलें मला कांहींच कळत नव्हतें. परंतु कार्यावरून कारण कसें शोधावें, हें मीं आयुष्यभर मुलांना शिकविलें होतें. तें आपल्याच अंगणांत करून पाहावें असें ठरविलें. प्रथम कळली ती गोष्ट अशी कीं, तेल जेथें दिसतें तेथें तें गळत असतें असें नव्हे. तें निघतें एकीकडे, उताराकडे ओघळतें, वाऱ्यानें मागें रेटलें जातें, आणि सर्वांत खालच्या बोल्टाच्या टोंकाशीं येऊन ठिबकतें. आपण त्या बोल्टास दोष देतों. शिवाय या गाडीच्या पोटांत तेल एक नसून तीन आहेत. एंजिनाचें तेल काळें, त्यास जळकट वास. डाव्या अंगाच्या चेनकेसमधलें त्या मानानें पातळ व स्वच्छ. गिअरबॉक्समधलें दाट, बोटांत धरलें तर तार सुटावी असें. फरशीवरचा ठिपका पांढऱ्या चिंधीवर टिपून घेतला, बोटानें चोळला, हुंगला, म्हणजे तीन घरांपैकीं कोणत्या घरचा तो पाहुणा हें कळतें. आमचा ठिपका काळा व जळकट होता. तेव्हां दोन घरें निर्दोष सुटलीं.

पुढचें काम कंटाळवाणें, आणि तेंच सर्वांत महत्त्वाचें. रविवारीं सकाळीं डिझेल, जुना दांतांचा ब्रश व चिंध्या घेऊन आम्ही दोघे बसलों. दहा वर्षांची धूळ तेलांत मुरून तिचा काळा लगदा सगळ्या सांध्यांवर बसला होता. तो काढण्यास तीन तास लागले. पुतण्याचें म्हणणें, एवढ्या वेळांत पॅकिंगच बदलून झालें असतें. मीं त्यास सांगितलें कीं, पाटी पुसल्याशिवाय नवें गणित मांडतां येत नाहीं. मग साबणाच्या पाण्यानें धुऊन, पुसून, उन्हांत वाळवून सर्व एंजिनावर शंखजिऱ्याची बारीक पूड भुरभुरविली. तोंडास लावावयाची टाल्कम पावडर ती हीच. आमच्या घरांतून डबा मिळविण्यास थोडी मिनतवारी करावी लागली. पांढऱ्या भुकटीवर तेलाचा पहिला थेंब आला कीं तो जेथून आला तेथेंच काळी रेघ उमटते. खोटें बोलण्यास त्याला वाव उरत नाहीं.

एंजिन मोकळ्या अंगणांत चालू केलें. (त्याचा धूर विषारी असतो, म्हणून पडवींत किंवा बंद जागेंत हा प्रयोग करूं नये, आणि हें एंजिन धांवतांना लागणाऱ्या वाऱ्यानें थंड होणारें असल्यामुळें उभ्यानें पांच-सात मिनिटांपेक्षां अधिक चालवूंही नये.) मंद चालीवर कांहींच दिसलें नाहीं. मग पुतण्याचा गुडघा दुखत असल्यामुळें शेजारच्या एका माहीतगार मुलास बसवून गाडी पसरणी गांवापर्यंत नेऊन आणविली. परत आली तेव्हां टॅपेटच्या झांकणाखालीं एक काळी रेघ होती. वरच्या रॉकरच्या झांकणाच्या कडेस दुसरी होती. रॉकरकडे तेल नेणारी जी बाहेरची नळी आहे, तिच्या बोल्टाशीं तिसरी होती.

पुतण्याचा चेहरा पडला. एकाऐवजीं तीन भोंकें निघालीं, असें त्यास वाटलें. मला मात्र तेव्हां प्रथम धीर आला. आमच्या नैयायिकांनीं लाघव म्हणून एक गोष्ट सांगितली आहे. एका कल्पनेनें काम भागत असेल तर तीन कल्पना करूं नयेत. तिन्ही सांधे वेगवेगळे, तिन्हींचीं पॅकिंगें व वायसर सहा महिन्यांच्या आंत नवीं घातलेलीं. तीं तिन्ही आपापल्या स्वतंत्र कारणानें एकाच सकाळीं फुटलीं, हें मानण्यापेक्षां आंतून कोणी तरी तिघांनाही सारखेंच ढकलीत आहे, हें मानणें सोपें. तेव्हां प्रश्न असा उरला कीं, हा ढकलणारा कोण?

तो शोधण्यास थोडें गणित करावें लागलें, आणि तें इंग्रजी चौथींतल्या मुलालाही जमेल असें आहे. या गाडीच्या दट्ट्याचा, म्हणजे पिस्टनचा, व्यास ७० मिलिमीटर; तो खालींवर जातो ९० मिलिमीटर. गुणाकार करून पाहिला तर ३४६ घन सेंटिमीटर येतात, म्हणजे सुमारें दीड फुलपात्र. दट्ट्या वर असतांना त्याच्यावर काय चालतें, तिकडे सर्वांचें लक्ष असतें. परंतु तो खालीं येतो तेव्हां त्याच्या खालची दीड फुलपात्र हवा कोठें जाते? एंजिन मिनिटास तीन हजार फेरे करीत असेल, तर सेकंदास पन्नास वेळां दट्ट्या खालीं येऊन ही हवा दाबतो. त्यांत दट्ट्याच्या कड्यांमधून निसटून खालीं येणाऱ्या धुराची भर पडते, आणि एंजिन जितकें जुनें तितकी ती भर मोठी. या हवेला बाहेर पडण्यास हक्काची वाट नसेल, तर ती सांध्यांतून बाहेर पडेल. आणि जातांना सांध्याशीं असलेलें तेल बरोबर घेऊन जाईल. अॅल्युमिनियम उष्णतेनें लोखंडाच्या सुमारें दुप्पट फुगतें. या एंजिनाचें सिलिंडर लोखंडी आणि खालचें घर अॅल्युमिनियमचें, त्यामुळें गरम झाल्यावर सांधे थोडेबहुत सरकतातच. एरव्हीं तेवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं. पण आंतून दाब असेल तर त्या सरकण्याची वाट होते.

वाचक-भगिनींना हें सांगण्यासाठीं गणिताची गरज नाहीं. कुकरच्या शिटीचें भोंक बुजवून कोणी तो चुलीवर ठेवला, तर वाफ रबराच्या रिंगेतून फुसफुसूं लागेल. मग रिंग बदलून, झांकण घट्ट आवळून काय होणार?

तेव्हां हक्काची वाट असलीच पाहिजे. ती कोठें आहे? सिलिंडराच्या पायथ्यापासून एक रबरी नळी निघते, ती हीच. तिच्या टोंकाशीं बदकाच्या चोंचीसारखी चपटी रबरी झडप बसविलेली असते. आंतून हवा आली कीं चोंच उघडते. दट्ट्या वर जाऊं लागला कीं ती आपोआप मिटते आणि बाहेरची हवा आंत येऊं देत नाहीं. त्यामुळें चालू एंजिनाच्या पोटांत दाब न राहतां उलट किंचित् ओढ राहते, आणि सांध्यांशीं आलेलें तेल बाहेर पडण्याऐवजीं आंत राहतें. इतक्या क्षुद्र रबराच्या तुकड्यावर इतकें अवलंबून असतें.

मी नळी धरून तिच्यामागून बोटें नेत गेलों. कोणा मेकॅनिकानें तिचें टोंक बॅटरीच्या मागें तारेनें बांधून टाकलें होतें. तार सोडली. टोंकाशीं चोंच नव्हती. तेथें बाभळीची एक खुंटी ठोकलेली होती.

“काका, हें कोणी केलें?” पुतण्यानें विचारलें.

ती खुंटी मीं ओळखली. तिच्या माथ्यास मीं तीन पैलू पाडले होते. पेन्सिलीस टोंक काढण्याच्या चाकूनें मी कोणतीही काठी तशीच तासतों. बंधु गेल्यानंतरच्या पावसाळ्यांत गाडी पडवींत उभी होती, तेव्हां नळीच्या टोंकांतून तेलाचे थेंब पडत. तुळशीपुढची रांगोळी दोनदां बिघडली. नळींतून तेल ठिबकतें, तेव्हां नळीचें टोंक बुजवावें, असा मीं तर्क केला. वाळून कडक झालेली ती चोंच ओढून काढली आणि खुंटी बसविली. थेंब बंद झाले. मला स्वतःची मोठी धन्यता वाटली होती. त्यानंतर वर्षभरानें गाडी रस्त्यावर गेली आणि टॅपेटशीं तेल दिसूं लागलें. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध असेल, हें दहा वर्षांत एकदांही माझ्या मनांत आलें नाहीं.

“मीं,” मीं सांगितलें.

तो खुंटीकडे पाहत राहिला, आणि मग ती उपटावयास पुढें झाला. मीं त्यास थांबविलें. कारण सांपडलें असें वाटणें निराळें आणि तें ठरणें निराळें. खुंटी असतांना गळती आहे, हा नुसता अन्वय झाला. खुंटी नसतांना गळती नाहीं, हा व्यतिरेक दिसल्याखेरीज निर्णय कसा द्यावा? लेप फासणाऱ्या त्या मेकॅनिकाजवळही एक कारण होतेंच. म्हणून एंजिन पुन्हा धुतलें, पुन्हा पूड लावली, खुंटी काढून नळी मोकळी सोडली आणि गाडी पुन्हा पसरणीपर्यंत पाठविली. आली तेव्हां वरच्या दोन्ही जागा पांढऱ्या होत्या. टॅपेटच्या झांकणाशीं किंचित् ओल होती. मग खुंटी पुन्हा ठोकली. पुतण्या वैतागला. “काका, कळलें ना आतां?” पण तेवढ्याच फेरींत तिन्ही रेघा पुन्हा उमटल्या, तेव्हां तोही गप्प झाला. दुसऱ्या दिवशीं सर्व प्रकार आणखी एकदां केला. निकाल तोच.

संध्याकाळीं खुंटी हातांत घेऊन मी वहिनींकडे गेलों आणि सर्व सांगितलें. त्या वाती वळीत होत्या. बराच वेळ वळीत राहिल्या.

“म्हणजे तो पडला तो तुमच्या या खुंटीमुळें.”

“होय.”

“आणि इतकीं वर्षें आम्ही त्या गाडीला शिव्या देत होतों.”

याला मजजवळ उत्तर नव्हतें. त्यांनीं वातींचें तबक उचललें आणि त्या आंत गेल्या.

पुढची दुरुस्ती सरळ होती. बदकचोंचीची नवी झडप व हातभर नळी साताऱ्यास एका दुकानांत मिळाली. आमच्या आजपर्यंतच्या बिलांच्या मानानें तिची किंमत सांगावयाची लाज वाटते. नळीचें टोंक टायरपासून दूर, मागच्या बाजूस नेऊन एका लहान बाटलींत सोडलें, कारण या वाटेनें हवेबरोबर तेलाचा थोडा अंश नेहमींच येणार. तो रांगोळीवर पडूं नये हा माझा मूळ हेतु अगदींच चुकीचा नव्हता. मात्र बाटलीचें तोंड घट्ट बसवूं नये, तिला हवा जाण्यास भोंक ठेवावें. नाहीं तर ती दुसरी खुंटीच.

टॅपेटच्या झांकणाशीं जी ओल राहिली होती, तिचें कारण निराळें निघालें. प्रत्येकानें तो एक नट मागच्यापेक्षां अधिक आवळला होता, त्यामुळें झांकण मध्यें दबून कडांशीं वांकलें होतें. खिडकीच्या कांचेचा एक सपाट तुकडा घेतला, त्यावर अगदीं बारीक पॉलिशपेपर पाण्यानें भिजवून पसरला आणि झांकण त्यावर इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखें फिरवीत घासलें. प्रथम फक्त दोन टोंकें चकाकलीं. अर्ध्या तासानें सगळी कड सारखी चकाकली, म्हणजे ती सपाट झाली. जुना लेप लांकडी पट्टीनें खरवडला. अॅल्युमिनियमवर लोखंडी पातें चालविलें कीं चरे पडतात आणि तेलास नवी वाट होते. पॅकिंग कोरा कागद पसरल्यासारखें बसविलें, लेप मुळींच लावला नाहीं, आणि नट बेतानें आवळला. अॅल्युमिनियमांतले आटे एकदां गेले म्हणजे मोठें लचांड होतें.

रॉकरच्या नळीचे वायसर तांब्याचे असतात. ते एकदां दाबले गेले कीं कडक होतात व पुन्हा सांध्याचा आकार घेत नाहींत. आम्हीं ते टाकून न देतां चिमट्यांत धरून गॅसच्या आंचेवर मंद लाल होईपर्यंत तापविले आणि पाण्यांत बुडविले. पोलाद असें केल्यानें कडक होतें. तांबें उलट मऊ पडतें. पुण्याच्या तांबट आळींत भांडीं ठोकतांना तीं मधून मधून आंचेवर कां धरतात, याचा उलगडा मला साठी उलटल्यावर आमच्या स्वयंपाकघरांत झाला.

आणखी एक चूक आमच्या हातून होत होती, ती अनेकांकडून होत असेल. सुटींत गाडी महिना-पंधरा दिवस उभी राहिली कीं तेल हळूहळू त्याच्या कप्प्यांतून पंपावाटे निथळून क्रँकच्या घरांत उतरतें. मग पट्टी बुडवून पाहावी तर ती जवळजवळ कोरडी दिसते. पुतण्या दर उन्हाळ्यांत तेल कमी झालें म्हणून अर्धा लिटर ओतीत असे. वास्तविक तेल कमी झालेलें नसतें. तें दुसऱ्या खोलींत गेलेलें असतें. एंजिन चालू होतांच परतीचा पंप तें पुन्हा कप्प्यांत आणून टाकतो आणि आतां कप्पा भरून वर उरतें. म्हणून उभ्या गाडीचें तेल पाहून कधीं भर घालूं नये. गाडी दोन-चार किलोमीटर फिरवून आणावी, थोडें थांबावें, मग पट्टी पाहावी.

मागच्या चाकाचें काम मीं दुसऱ्या कोणावर सोंपविलें नाहीं. टायर साबणानें व गरम पाण्यानें तीनदां धुतला. डिझेल मुद्दामच वापरलें नाहीं, तें रबराचें नुकसान करतें आणि तेंही निसरडेंच. ब्रेकचे शू काढून पाहिले, तर डाव्या अंगाकडून तेल पिऊन ते काळे पडलेले होते. असे शू घासून भागत नाहीं, गरम झाले कीं आंतलें तेल पुन्हा वर येतें. ते नवेच घातले. जुनें तेल कृष्णेच्या वाटेनें न जातां डब्यांतून गॅरेजांत गेलें, हेंही सांगून ठेवतों, कारण आमच्या आळींतील गटार थेट घाटाशीं उतरतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून पाहतों, तों वहिनींनीं गाडीखालीं रात्रींच एक वर्तमानपत्र पसरून ठेवलेलें होतें. त्यांनीं मला कांहीं सांगितलें नव्हतें, मींही विचारलें नाहीं. पुतण्या संध्याकाळीं घाट उतरून आला कीं त्या तो कागद पसरीत आणि पहाटे सडा घालण्यापूर्वीं उजेडांत धरून पाहत. असें आठ दिवस चाललें. पांचव्या दिवशीं मधोमध एक ठिपका निघाला. मीं तो चिंधीवर टिपून बोटांत चोळला. दाट होता, तार सुटत होती, गिअरबॉक्सचा. त्याचा सील बदलण्यास क्लच उघडावा लागतो. तें काम दिवाळीच्या सुटींत करूं, असें मीं वहिनींना सांगितलें. त्यांनीं ठिपक्याभोंवतीं पेन्सिलीनें गोल काढला, तारीख घातली आणि कागद घडी करून रद्दींत न टाकतां फडताळांत ठेवला. भंगारवाला नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीं येऊन गेला. त्याला त्यांनीं पडवींतलें पत्र्याचें ताट दिलें.